स्लॅब टाकला, पण टेके कधी काढायचे? चालू बांधकाम कोसळू नये म्हणून घरमालक, मिस्त्री आणि मजुरांसाठी सविस्तर माहिती

शेगाव : उन्हाळा लागला की तालुक्यात बांधकामांची धावपळ सुरू होते. शहरात दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे लॉज आणि भाड्याच्या खोल्यांवर मजले चढतात, तर माटरगाव, मनसगाव, जलंब, जवळा भागात घरकुलांची आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या घरांची कामे निघतात. मृग लागायच्या आत डोक्यावर स्लॅब पडला पाहिजे, म्हणजे पुढे पेरणीला मोकळे होता येते, हा प्रत्येकाचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. पण याच घाईत एक गोष्ट विसरली जाते. सिमेंटचे घर सगळ्यात जास्त कमजोर असते ते बांधून झाल्यावर नव्हे, तर बांधत असताना.

पूर्ण झालेला, पक्का झालेला स्लॅब स्वतःचा भार बीम आणि कॉलममधून जमिनीत सोडतो. नुकताच ओतलेला स्लॅब मात्र चिखलासारखा असतो. त्याला स्वतःची ताकद नसते. त्याचा सगळा भार खालच्या सेंट्रिंगवर, म्हणजे प्लेटांवर आणि टेक्यांवर (बल्ल्या किंवा लोखंडी जॅक) असतो. टेके हेच त्या दिवसांत घराचे पाय. ते कमी पडले, सरकले किंवा लवकर काढले तर घर खाली येते.

राज्याने पाहिलेली मोठी दुर्घटना

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी ठाणे शहराजवळ मुंब्रा भागातील शिळफाटा येथे लकी कंपाउंड नावाची इमारत कोसळली. ७४ जणांचा जीव गेला. इमारत परवानगी न घेता बांधलेली होती. जेमतेम काही आठवड्यांत सात मजले चढवून आठव्याचे काम सुरू होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे व इतर लोक राहायलाही आले होते. मृतांत लहान मुलेही होती. दर आठवड्याला जवळपास एक मजला, अशा वेगाने काम झाले की खालचे काँक्रीट पक्के व्हायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे आठ मजली इमारती बांधल्या जात नाहीत, म्हणून हे आपल्याला लागू नाही, असे कोणी समजू नये. एकाच मजल्याचा स्लॅब पडला तरी त्याखाली सापडलेला माणूस वाचणे कठीण असते. वजनाचा हिशेब पाहिला की हे लक्षात येते.

ओला स्लॅब किती वजनाचा?

लोखंड टाकलेल्या काँक्रीटचे वजन एका घनमीटरला सुमारे २५०० किलो धरतात. २० बाय ३० फुटांचे घर आणि पाच इंची स्लॅब धरला तर काँक्रीट भरते सुमारे सात घनमीटर. वजन झाले साधारण साडेसतरा टन. शेतकऱ्याच्या भाषेत, १७५ क्विंटल सोयाबीन एका दिवसात छतावर नेऊन ठेवल्यासारखे. बीमचे वजन वेगळेच.

हा भार ६० टेक्यांवर असेल तर एका टेक्यावर सरासरी तीन क्विंटल येतात. वरून मजूर, काँक्रीटची टोपली आणि व्हायब्रेटरचा हादरा. यातला एक टेका सरकला तर त्याचा भार शेजारच्या टेक्यांवर जातो, ते वाकले की त्यांच्या शेजारच्यांवर. म्हणूनच सेंट्रिंग पडते तेव्हा बहुतेक वेळा एक कोपरा पडून थांबत नाही, पाहता पाहता सगळेच खाली येते.

सेंट्रिंग तपासताना काय पाहायचे?

स्लॅबच्या आदल्या दिवशी, उजेड असताना, घरमालकाने मिस्त्री किंवा अभियंत्यासोबत सेंट्रिंगखाली फिरून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) टेके सरळ उभे आहेत का? तिरपा टेका भार पेलण्याऐवजी निसटतो.

२) बल्ली वाकडी, चिरलेली, किडलेली नाही ना? मागच्या चार कामांवर वापरून झिजलेली बल्ली बाजूला काढायला सांगा.

३) उंची कमी पडली म्हणून बल्लीखाली विटांची चळत लावली आहे का? दोन आखूड बल्ल्या तारेने बांधून एक केली आहे का? हे दोन्ही प्रकार फार दिसतात आणि दोन्ही धोक्याचे आहेत. वीट फुटते, जोड मोडतो.

४) टेक्यांमधले अंतर किती? साधारणपणे तीन ते साडेतीन फुटांवर टेका असतो. बीमखाली आणि जाड स्लॅबखाली अंतर कमी लागते. नेमके अंतर अभियंत्याकडून घ्या.

५) टेके एकमेकांना आडव्या आणि तिरप्या लाकडांनी बांधले आहेत का? लांब काठी दोन्ही टोकांना धरून दाबली तर मधेच वाकते, तीच अर्धी केली तर सहजासहजी वाकत नाही. दहा फुटी टेका मध्यावर दोन्ही दिशांनी आडवा बांधला की न वाकता भार पेलण्याची त्याची ताकद हिशेबाने चौपटीपर्यंत जाते. चार आडव्या लाकडांचा खर्च वाचवायला जाऊन सगळे सेंट्रिंग डुलते ठेवू नये.

६) लोखंडी जॅकला जागेवर मूळची पिन आहे की सळाखीचा तुकडा खुपसला आहे? तुकडा वाकला की जॅक खाली बसतो.

काळ्या मातीवर टेका उभा करताना

आपल्या भागात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, ओली झाली की लोण्यासारखी. स्लॅब टाकताना प्लेटांच्या फटीतून पाणी गळते, दुसऱ्या दिवसापासून वर पाणी मारणे सुरू होते, तेही खाली झिरपते. त्यात अवकाळी पाऊस आला तर विचारायलाच नको. टेक्याचे टोक थेट मातीवर असेल तर ते मातीत रुतते. एखादा टेका एक इंच जरी बसला तरी वरचा कच्चा स्लॅब तिथे तडकतो.

म्हणून आधी जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करून घ्यावा. शक्य असेल तर खालचे कच्चे काँक्रीट आधी टाकून घ्यावे. तेही नसेल तर प्रत्येक टेक्याखाली जाड लाकडी फळी द्यावी, म्हणजे भार पसरतो. फळी म्हणजे फळीच, फरशीचा तुकडा नव्हे. घराभोवती चर काढून पावसाचे पाणी आत येणार नाही असे पाहावे.

पायाचे खड्डे खोदतानाही हीच काळजी. काळ्या मातीचा खोल खड्डा पाऊस पडल्यावर बाजूने ढासळतो. खोदलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नये, चार-पाच फूट लांब टाकावी. शेजारी मातीचे जुने घर असेल तर त्याच्या भिंतीला लागून एकदम लांबलचक खोदकाम करू नये. थोडे थोडे खोदून तेवढा भाग भरून पुढे सरकावे. पायासाठी खोदलेले खड्डे पावसात उघडे ठेवू नयेत.

काँक्रीट ओतण्याआधी लोखंडाचाही धोका

फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात येरवडा भागात एका मोठ्या बांधकामावर रात्री लोखंडाची जाळी कोसळून पाच मजुरांचा मृत्यू झाला. काँक्रीट ओतण्याआधीच ही घटना घडली. गावात कॉलमच्या उभ्या सळाखी पंधरा-वीस फूट तशाच सोडलेल्या दिसतात. मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात त्या डोलतात. त्या चारही बाजूंनी ताणून बांधाव्यात आणि वर निघालेल्या टोकांवर टोपण किंवा जुन्या पाइपचा तुकडा घालावा.

नवीन विटांच्या भिंतीही वाऱ्याने पडतात. एका दिवसात भिंत मीटर-दीड मीटरपेक्षा उंच चढवू नये आणि एकट्या उभ्या असलेल्या ताज्या भिंतीच्या आडोशाला मजुरांनी जेवायला बसू नये.

स्लॅबच्या दिवशी

२९ जुलै २०१६ रोजी पुण्यातील बालेवाडीत एका गृहप्रकल्पात वरच्या मजल्याचा स्लॅब ओतण्याचे काम सुरू असताना तो कोसळला आणि नऊ मजूर दगावले. ओतण्याचा दिवस हा सेंट्रिंगची खरी परीक्षा घेणारा दिवस. त्या दिवशी हे नियम पाळावेत.

• स्लॅबखाली कोणीही थांबू नये. मजुरांची लहान मुले, झोळीतले बाळ, पाण्याचा माठ, जेवणाचे डबे काहीही खाली नको. सावली मिळते म्हणून लेकरांना तिथेच बसवले जाते. तसे करू नका.

• काँक्रीट एकाच जागी ढिगाने ओतू नये. जिथे मिक्सरची लिफ्ट असते तिथे ढीग साचतो आणि तेवढ्याच टेक्यांवर भार येतो. पडेल तसे पसरवत जावे.

• एक जाणकार माणूस बाहेर उभा राहून खालच्या टेक्यांवर सतत नजर ठेवील असा नेमावा. त्याला दुसरे काम देऊ नये.

• कडकड आवाज आला, टेका वाकलेला दिसला, प्लेट खाली झुकली, एका जागेवरून जास्त पाणी गळू लागले तर लगेच ओतणे थांबवून सगळ्यांना वरून उतरवावे. अशा वेळी ‘एक टेका ठोकून येतो’ म्हणत खाली धावणारा माणूसच सापडतो. माल वाया गेला तर जाऊ द्यावा.

• पाणी मापून टाकावे. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला (१ सिमेंट, दीड रेती, ३ गिट्टी) एका ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ असला की पसरवायला सोपा जातो, म्हणून पाणी वाढवले जाते. जास्तीचे पाणी उडून गेल्यावर तिथे बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते.

• रेती-गिट्टीचे माप घमेल्याच्या अंदाजाने न घेता पेटीने घ्यावे. सिमेंटची एक गोणी सुमारे ३५ लिटर भरते, त्या हिशेबाने रेती साधारण ५२ आणि गिट्टी १०५ लिटर.

दिवस मोजा, अंदाज नको

आता मुख्य प्रश्न. टेके कधी काढायचे? सेंट्रिंगवाला म्हणतो, ‘माल दुसऱ्या साइटवर न्यायचा आहे.’ भाडे रोजावर असेल तर मालकही घाई करतो. मिस्त्री म्हणतो, ‘काही नाही होत, मागच्या वेळी बी असंच केलं होतं.’ मागच्या वेळी वाचलो याचा अर्थ काम बरोबर होते असा नाही.

देशभर काँक्रीटच्या कामासाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक वापरले जाते. त्याच्या २०००च्या आवृत्तीत कमीत कमी दिवस असे दिले आहेत.

• कॉलम, भिंत आणि बीमच्या उभ्या बाजूंच्या प्लेटा : १६ ते २४ तास

• स्लॅबखालच्या प्लेटा (टेके लगेच परत लावायचे या अटीवर) : ३ दिवस

• बीमखालच्या प्लेटा (टेके लगेच परत लावायचे या अटीवर) : ७ दिवस

• स्लॅबचे टेके, गाळा ४.५ मीटर म्हणजे सुमारे १५ फुटांपर्यंत : ७ दिवस

• स्लॅबचे टेके, गाळा त्याहून मोठा : १४ दिवस

• बीमचे टेके, गाळा ६ मीटर म्हणजे सुमारे २० फुटांपर्यंत : १४ दिवस

• बीमचे टेके, गाळा त्याहून मोठा : २१ दिवस

हे दिवस वाचून ‘सात दिवसांत काढता येते’ एवढेच लक्षात ठेवू नका. त्यामागे दोन अटी आहेत. पहिली, सिमेंट साधे म्हणजे ओपीसी असावे. दुसरी, हवामान १५ अंशांच्या खाली जाऊ नये. दोन्ही अटी आपल्याकडे बऱ्याचदा मोडतात.

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा गोण्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या असतात. गोणीवर छापलेले असते, वाचून घ्या. पीपीसी वाईट नाही, उलट पुढे चांगले टिकते, पण सुरुवातीला सावकाश पक्के होते. तसेच डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५च्या खाली उतरतो, तेव्हाही काँक्रीट सावकाश धरते. अशा वेळी दिवस वाढवावे लागतात. किती वाढवायचे ते अभियंत्याने ठरवावे. अभियंता नसेल तर गावातल्या साध्या घराला १४ दिवस स्लॅबचे आणि २१ दिवस बीमचे टेके ठेवले तर नुकसान होणार नाही. फार तर आठवड्याचे भाडे जास्त लागेल.

काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला तीन दिवसांत साधारण ४० टक्के आणि सात दिवसांत सुमारे दोन तृतीयांश ताकद येते. वरून टणक लागते, पाय ठेवला तर ठसा उमटत नाही, म्हणून आतून पक्के झाले असे नसते.

कच्च्या काँक्रीटवर भरवसा ठेवल्यावर काय होते याचे जगातले मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. २७ एप्रिल १९७८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विलो आयलंड येथे वीज केंद्राचा उंच मनोरा बांधताना मजुरांची परात आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला अडकवलेली होती. ते काँक्रीट भार पेलू शकले नाही आणि ५१ कामगार वरून खाली आले. तिथे मोठी कंपनी होती, यंत्रे होती, अभियंते होते. तरी एक दिवसाचे काँक्रीट ते एक दिवसाचेच राहिले.

टेके काढताना कुठून सुरुवात?

सगळे टेके एकदम पाडू नयेत. घणाचे घाव घालून धाडधाड काढू नयेत. दोन्ही बाजूंनी भिंतीवर किंवा बीमवर टेकलेल्या स्लॅबचे टेके मधून सुरू करून बाजूंकडे काढत जावेत.

छज्जा, गॅलरी, सज्जा यांचे उलटे असते. ते एकाच बाजूने धरलेले असतात, म्हणून टेके बाहेरच्या टोकाकडून काढत भिंतीकडे यावे. शिवाय खिडकीवरचा छज्जा वरच्या भिंतीच्या वजनाने दाबून धरला जातो. वर भिंत चढण्याआधीच टेका काढला तर छज्जा उलटतो.

गॅलरीत मुख्य सळाखी वरच्या बाजूला लागतात, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर त्यावर चालले की त्या खाली दबतात आणि गॅलरी नावालाच उरते. ओतताना चालायला फळ्या टाकाव्यात आणि वरच्या सळाखींना खालून लोखंडी घोडी द्यावी. गॅलरीचे टेके काढण्याआधी अभियंत्याला दाखवावे.

दुसरा मजला चढवताना

शहरात आणि मोठ्या गावांत हा प्रकार वाढला आहे. पहिला स्लॅब टाकून दोन-तीन आठवडे झाले की त्यावर दुसऱ्या स्लॅबचे टेके उभे राहतात. इथे वजनाची तुलना करून पाहा. राहत्या घराचा स्लॅब माणसे आणि सामान मिळून एका चौरस मीटरला साधारण २०० किलो भारासाठी धरतात. वरचा ओला पाच इंची स्लॅब एकट्याच चौरस मीटरला ३१० किलोंहून जास्त असतो. म्हणजे खालचा स्लॅब ज्या भारासाठी बनवला त्याच्या दीडपट भार तो कच्चा असतानाच येतो.

म्हणून वरचा स्लॅब ओतताना खालच्या मजल्यातले टेकेही जागेवर हवेत किंवा परत लावायला हवेत, आणि शक्य तितके वरच्या टेक्याच्या बरोबर खाली खालचा टेका असावा. २ मार्च १९७३ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील बेलीज क्रॉसरोड्स येथे हेच चुकले. उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचे काम सुरू असताना खालचे टेके लवकर काढले गेले, मजले एकावर एक कोसळत तळापर्यंत आले आणि १४ कामगार मेले.

दुसरी सवय म्हणजे नव्या स्लॅबवर माल चढवून ठेवणे. एक ब्रास रेती साधारण साडेचार टन. हजार विटा सुमारे तीन टन. दहा बाय दहाच्या खोलीचा स्लॅब पूर्ण पक्का झाल्यावरही सगळा मिळून १९ क्विंटलच्या आसपास भारासाठी धरलेला असतो. त्यावर मधोमध रेतीचा ब्रास ओतला तर अडीच पटीच्या जवळ भार झाला. माल थोडा थोडा चढवावा, भिंतीच्या किंवा बीमच्या जवळ पसरून ठेवावा.

आणि काहीही झाले तरी टेके असलेल्या किंवा काम चालू असलेल्या मजल्याखाली कुटुंबाने राहायला जाऊ नये. मुंब्र्यात खाली लोक राहत होते म्हणूनच जीव जाणाऱ्यांचा आकडा एवढा मोठा झाला.

पाणी : मारायचे किती आणि कोणते?

स्लॅबला पाणी मारणे, म्हणजे तराई, ही ताकद येण्यासाठीच आहे. सिमेंट पाण्यामुळे पक्के होते. पाणी सुकले की पक्के होणे मंदावते. साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कडक कोरड्या उन्हात कमीत कमी १० दिवस काँक्रीट सतत ओले हवे. १४ दिवस ठेवले तर उत्तम. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडून भागत नाही, दुपारपर्यंत कोरडे होते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे. कॉलमला ओले बारदान गुंडाळावे. पाणी साठवले असतानाच्या दिवसांत टेके काढू नयेत, कारण पाण्याचेही वजन असते.

दुसरा प्रश्न पाण्याच्या दर्जाचा. पूर्णेच्या काठचा पट्टा खारपाणाचा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतल्या अनेक गावांत बोअरचे पाणी खारे आहे, जनावरेही तोंड लावत नाहीत. तेच पाणी बांधकामाला वापरले तर मिठामुळे आतल्या लोखंडाला गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते, काँक्रीट तडकते, काही वर्षांत स्लॅबच्या खालचे पोपडे पडून सळाखी उघड्या दिसू लागतात. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी आयएस ४५६ची मर्यादा आहे.

सोपा नियम असा की पिण्याजोगे पाणी ते बांधकामाजोगे. माल कालवण्यासाठी नळयोजनेचे किंवा टँकरचे गोडे पाणी वापरावे. वरच्या २० बाय ३०च्या स्लॅबला साधारण ५५ ते ६० गोण्या सिमेंट लागते, म्हणजे कालवायला १८०० लिटरपेक्षा जास्त पाणी लागत नाही. एवढे पाणी विकत घेतले तरी परवडते. तराईलाही खारे पाणी टाळावे. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारले तर तो माहिती देतो.

विचारायचे कोणाला?

• शेगाव शहरात बांधकाम परवानगी नगर परिषदेकडून घ्यावी लागते. गावात ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. परवानगी म्हणजे फक्त शिक्का नव्हे. त्या निमित्ताने नकाशा आणि अभियंता येतो.

• घरकुलाचे काम असेल तर पंचायत समितीतील ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला स्लॅबआधी बोलवावे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. पुढच्या हप्त्यासाठी फोटो लागतो म्हणून टेके लवकर पाडू नयेत. स्लॅब पडल्याचा फोटो टेक्यांसकटही निघतो.

• ठेकेदारासोबत साध्या कागदावर लिहून घ्या : सिमेंटचा प्रकार, स्लॅबची जाडी, टेके किती दिवस ठेवायचे, लवकर काढले तर जबाबदारी कोणाची. सेंट्रिंगचे भाडे रोजावर न ठरवता पूर्ण मुदतीचे एकरकमी ठरवले तर दोन्हीकडची घाई संपते.

• मजुरांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, ही मुख्य अट. ग्रामपंचायतीकडून ९० दिवसांचा दाखला मिळतो. अपघात झाला तर घरच्यांना मदत मिळण्यासाठी ही नोंदणी कामी येते.

अपघात झालाच तर

आधी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. आत किती माणसे होती ते मोजा. अर्धवट लटकलेल्या स्लॅबखाली गर्दी करून शिरू नका, दुसऱ्यांदा पडलेल्या भागाखाली वाचवायला गेलेलेच सापडतात. वीज बंद करा. जेसीबी आला तर घाईने ओढाताण न करता आवाज ऐकत, हळूहळू मलबा काढा.

भिंतीवर लिहून ठेवा

स्लॅब झाला की कोळशाने किंवा रंगाने दारासमोरच्या कॉलमवर तीन गोष्टी लिहाव्यात : स्लॅबची तारीख, सिमेंटचा प्रकार आणि टेके काढायची तारीख. मिस्त्री बदलला, ठेकेदाराचा माणूस आला, घरमालक वावरात गेला असला तरी येणाऱ्याला ती तारीख दिसते. त्या तारखेआधी एकही टेका हलवायचा नाही, असे घरातल्या बायामाणसांनाही सांगून ठेवावे, कारण सेंट्रिंगवाले बहुतेक वेळा पुरुषमंडळी शेतात असतानाच गाडी घेऊन येतात.

आयुष्यात घर एकदाच बांधले जाते. चार-आठ दिवसांच्या भाड्यासाठी त्याचे पाय लवकर काढू नयेत.